गाभाऱ्यातली सुई

पारूबाईला महादेवाच्या देवळाची पायरी ठाऊक होती, गाभारा ठाऊक नव्हता. धामणवाडीच्या बौद्धवाड्यात ती सून म्हणून आली आणि सासूच्या मागं मागं हिंडत सुईणपण शिकली. पुढं गावातली निम्मी लेकरं तिच्याच हातावर पडली. त्यात पाटलाची होती, वाण्याची होती, लिंगायतांच्या घरची होती. बाळंतपणापुरता तिचा हात कुणालाच विटाळत नसे. पाचवी उरकली की मात्र ती पुन्हा ओसरीखाली. याचं तिला नवल नव्हतं. "माझ्या हातानं भाईर आलेलं कार्टं मोठं होऊन मलाच मनतं, ए बाई, जरा बाजूला व्हय," असं ती बायकांना हसत सांगायची. "मी मनते, तुझ्या नाकातला पयला शेंबूड म्या काढलाय रं भाड्या."

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला, तेव्हा निलंग्याकडच्या या आडगावाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. कलेक्टर जवळ आला म्हणे, पण कलेक्टराशी धामणवाडीचं काम ते काय? नव्या जिल्ह्याची खरी खूण पुढच्या साली गावात उतरली ती एसटीतून, हातात पत्र्याची पेटी घेऊन. उपकेंद्राची नवी सिस्टर. नाव शिवकांता, माहेर उदगीरचं, घर लिंगायताचं, बोलण्यात मधूनमधून कानडी हेल. पहिल्याच दिवशी ती पारूबाईचं घर विचारत बौद्धवाड्यात आली आणि उंबऱ्यात टेकली.

"पाणी दे की अक्का, घसा वाळलाय नुसता."

पारूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. नरसिंगनं छपराकडं पाहिलं. मग तिनं तांब्या घासून भरून दिला आणि ती पोरगी घटाघटा प्याली, वरून पदरानं तोंड पुसून म्हणाली, "गोड हाय गं तुमच्या आडाचं." गावात वीस पिढ्या काढलेल्यांनी जे केलं नव्हतं, ते या पोरीनं उभ्या उभ्या करून टाकलं. पारूबाई त्या तांब्याभर पाण्यात तिची झाली.

दोघींची जोडी जमली. रात म्हणू नका, ऊन म्हणू नका, कुणाला कळा लागल्या की पारूबाई पुढं आणि शिवकांता मागं. शिवकांता तिला 'अक्का' म्हणायची, पारूबाई तिला 'शिवकांते' आणि मर्जीत असली की 'ए पोरी'. दोघी एका ताटात भाकरी मोडायच्या.

शिवकांताच्या पेटीत एक सुई होती, ती पारूबाईनं आधी कधी पाहिली नव्हती. लेकरू झाल्यावर बाईचं रक्त थांबवायची. संगप्पा जीपवाल्याच्या घरी गंगम्मा बाळंत झाली तेव्हा रक्त असं सुटलं, की पारूबाईनं मनात तिच्या नावानं हात जोडले होते. शिवकांतानं बोटाएवढी काचेची कुपी फोडली, औषध सुईत ओढलं आणि गंगम्माच्या मांडीत टोचलं. पारूबाईचा तळवा गंगम्माच्या ओटीपोटावर होता. थोड्या वेळानं त्या तळव्याखाली, भिजल्या कणकीसारखं पसरलेलं ते पोट गोळा होत होत कच्च्या बेलफळासारखं टणक झालं. रक्त आटलं.

"काय जादू गं ही?" पारूबाई म्हणाली.

"जादू न्हाई, औषध हाय. पण नाजूक हाय अक्का. ह्याला गारवा लागतो. एकदा का तापलं, की मग नुसतं पाणी टोचल्यासारखं."

त्या दिवसापासून पारूबाई त्या सुईची भक्त झाली. झाडपाल्याच्या काढ्यावर, बिब्ब्याच्या धुरीवर भरवसा ठेवणाऱ्या सासवांशी ती भांडायची. "माझ्या सासूचं शिकलेलं मी इसरले, तुमाला इसरायला काय धाड भरली?" बौद्धवाड्यातल्या बाया सरकारी सुईला भीत होत्या. टोचून घ्यायला लावतील आणि मागनं ऑपरेशन करून टाकतील म्हणत होत्या. पारूबाईनं एकेकीला घरी जाऊन समजावलं. "सिस्टर माझ्या घरचं पाणी प्यालीया. ती दगा देईल व्हय?" हे तिचं शेवटचं बोलणं. त्यापुढं कुणी बोलायचं नाही.

उपकेंद्रात फ्रिज नव्हता. होता तो मोठ्या आरोग्य केंद्रात, आणि तिथंही लाईट असली तर. म्हणून पारूबाईनं एका माठात ओली वाळू भरून दिली होती. कुप्यांची डबी त्या वाळूत पुरलेली असायची. मग दुष्काळ लागला. आड आटला, विहिरीचा तळ दिसला, गावाला टँकर सुरू झाला. माणसाला प्यायला पाणी नाही, वाळूला कुठनं पाजायचं?

देवळाचं सुचलं ते पारूबाईलाच. पायरीवर टेकलं की आतनं गार वारा पायाला लागतो, हे तिला माहीत होतं. गाभारा जमिनीच्या पोटात, काळ्या दगडाचा, वर पिंडीवर अभिषेकाची गळती थेंब थेंब चालूच. "आमाला आत येऊ देत न्हाईत, सुईला तर येऊ देतील?" ती म्हणाली.

देवळाचा पुजारी महादेवप्पा म्हणजे म्हातारा जंगम, मनानं लोण्याचा पण पुसपुस फार. शिवकांता त्याला म्हणाली, "अप्पा, बाळंतिणीचं औषध हाय. देवापाशी ठेवा. गुण येईल." अप्पाचे डोळे भरून आले. डबी त्यानं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि आत नेऊन कोनाड्यात ठेवली.

वाटेनं पारूबाई म्हणाली, "त्याला खरं सांगायचं की गं, गारव्यासाठी मनून."

"कशाला? हजार शंका काढतंय म्हातारं. देवाचं नाव घेतलं की काम झालं."

दोघी हसल्या. घरी नरसिंग तर दिवसभर हसत होता. "आपण छप्पन साली देव सोडला, आन तुझी सुई जाऊन बसली देवाच्या मांडीवर!"

त्या सालचा मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. तेव्हा गावानं ठरवलं, देव पाण्यात ठेवायचा. घरटी एक घागर टँकरच्या पाण्याची काढायची, पिंड बुडेपर्यंत गाभारा भरायचा आणि दार लावून घ्यायचं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस धाडतो, ही तिकडची जुनी रीत. बौद्धवाड्याला घागर मागायला कुणी आलं नाही, आणि आलं असतं तर नरसिंगनं दिलीही नसती. पण पारूबाईचं काळीज भलत्याच ठिकाणी अडकलं होतं. ती धावत उपकेंद्रात गेली.

"शिवकांते, गाभारा भरून राहिलेत की! डबी?"

शिवकांता खाली मान घालून कापूस कापत होती. "काढलीया अक्का. सोय केलीया मी."

"गारव्याला हाय न्हवं?"

"हाव. हाय."

पारूबाईनं पुढं विचारलं नाही. शिवकांताला काय विचारायचं?

पाऊस आला नाही. लोकांनी कंटाळून दार उघडलं, पाणी उपसलं, डबी पुन्हा कोनाड्यात गेली. त्यानंतर गावात दोन-तीन बाळंतपणं झाली, सगळ्यांना सुई टोचली, सगळ्या सुखरूप उठल्या.

मग पारूबाईची लेक भीमा धर्माबादेहून बाळंतपणाला आली. ही तिची दुसरी खेप. पहिल्या खेपेला सासरी तिचं रक्त थांबता थांबेना, नांदेडच्या दवाखान्यात नेऊन कशीबशी वाचवली होती, आणि ते पोर तर राहिलंही नव्हतं. पारूबाईनं मनाशी पक्कं केलं होतं, कळा सुरू झाल्या की थेट लातूर. संगप्पाला सांगून ठेवलं होतं. आणि नेमक्या सकाळी कळा लागल्या, जीप चौकात उभी, लातूरचं गिऱ्हाईक भरून चाललेली. पारूबाईनं गाठोडं बांधलं, भीमाला हाताला धरून उठवलं, तेवढ्यात शिवकांता आली.

"कुठं निघाली अक्का?"

"लातूरला न्हेते. पयल्या खेपेचं तुला ठावं हाय की. मला धीर निघत न्हाई."

चौकात संगप्पा भोंगा वाजवत होता.

"वाटंत धक्क्यानं हाल व्हतील तिचे," शिवकांता म्हणाली. "राहू दे. सुई हाय की आपल्यापाशी."

पारूबाईनं जीपकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, आणि शिवकांताच्या तोंडाकडं पाहिलं. हे तोंड तिनं दिव्याच्या उजेडात, रक्तामासात, कितीदा पाहिलं होतं. तिनं गाठोडं खाली ठेवलं. "जा रं संगप्पा," ती ओरडली. "आमचं ऱ्हाऊ दे."

दुपारी भीमाला मुलगी झाली. चांगली रडली. त्यानंतर रक्त सुटलं. शिवकांतानं कुपी फोडून सुई दिली. पारूबाईनं तळवा लेकीच्या पोटावर ठेवला आणि वाट पाहिली. पोट मऊच. कणकीसारखं, गंगम्माचं होतं तसं, पण गोळा होईना.

"दुसरी दे."

दुसरीही दिली. कुपी फोडताना काच शिवकांताच्या बोटात घुसली. पोट मऊच. चटईच्या कडेनं रक्त बाहेर येऊन शेणसारवणावर पसरलं. भीमा म्हणाली, "माय, मला अंधारी येऊन राहिली." पारूबाईनं रक्त दाबून धरायला मूठ वळून लेकीच्या पोटात रोवली आणि नरसिंगला हाक मारली. जीप केव्हाच गेलेली. चौकात पाण्याचा टँकर तेवढा रिकामा होऊन परत निघाला होता. नरसिंग त्याच्यापुढं आडवा पडला.

टँकरच्या केबिनमध्ये भीमा पारूबाईच्या मांडीवर, शिवकांता पायाशी, तान्ही नरसिंगच्या उपरण्यात. रस्ताभर पारूबाईनं ती मूठ काढली नाही. पुढं कितीतरी दिवस तिचा तो हात दंडापासून दुखत होता.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "इंजेक्शन दिलं होतं?"

"दिलं सर. दोन दिले," शिवकांता म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडं बघत राहिले, मग आत गेले. भीमाला रक्त लागलं. शिवकांताचं जुळलं. ती बाकावर आडवी होऊन बाटली भरेपर्यंत पडून राहिली. भीमा वाचली. पिशवी मात्र काढावी लागली.

शिवकांता भिंतीला धरून बाहेर आली तेव्हा पारूबाई उठली आणि दवाखान्याच्या त्या भरल्या व्हरांड्यात तिच्या पायावर डोकं ठेवलं. शिवकांता मागं सरकली. "नको अक्का, नको, पाया नको पडू," म्हणत ती ओक्साबोक्शी रडायला लागली. लोकांना वाटलं, केवढी माया!

गावात आल्यावर पारूबाईनं घरोघर सांगितलं. "सिस्टरचं रगत हाय आता माझ्या लेकीच्या अंगात." भीमा आईच्या खोपटात पोरीला घेऊन पडून असायची. जावई येऊन बघून गेला. पिशवी काढल्याचं ऐकलं आणि चहा अर्धा टाकून उठला. न्यायला कधी येतो, ते बोलला नाही. त्यावरही पारूबाई म्हणायची, "जीव वाचला, त्यो सिस्टरमुळं."

एक दिवस ती देवळावरून चालली होती. महादेवप्पानं तिला हटकलं आणि पायरीपर्यंत येऊन विभूतीची पुडी वरून तिच्या पदरात टाकली.

"लेकीला लाव. तुमी मानत न्हाईत, पर लाव. मला बया घास गोड लागंना. तुझ्या लेकीला गुण कसा आला न्हाई? म्या तर डबी डोळ्यांत तेल घालून जपली."

"तुमी काय करणार अप्पा? देवळात व्हती ती."

"सदाच कुठं देवळात? देव पाण्यात व्हता तवा घरी नेली की म्या. देव्हाऱ्यात ठेवली, माझ्या देवापाशी. रोज धूप दावला, निरांजन ठेवलं म्होरं."

महादेवप्पाचं घर पारूबाईला माहीत होतं. देव्हारा मागल्या सोप्यात, वर उघडा पत्रा. त्या सोप्यात उन्हाळ्यात मांजरसुद्धा झोपत नसे.

पारूबाई पायरीवर बसली. "सिस्टरला ठावं व्हतं व्हय, डबी तुमच्या घरी हाय मनून?"

"तर! आली व्हती ना. हात लावला डबीला आन चटका बसल्यावानी काढला. मी मनलो, न्या बाई तुमची तुमी. तर मनली, आता न्हेऊन काय करू? ऱ्हाऊ द्या अप्पा, दार उघडलं की परत आत ठेवा, कुणाला सांगू नका. पारूअक्काला तर मुळीच नको. म्या मनलो, तिला कामून नको? तर पदर सावरून निघून गेली." मग आवाज खाली आणून म्हातारा म्हणाला, "आमची सून लक्ष्मम्मा बी आता भरत आलीया. तिला त्याच डबीतली देतील न्हवं? देवाची हाय."

त्याच्यावर रागावावं असं काहीच त्याच्या तोंडावर नव्हतं. त्याला सांगितलं होतं देवापाशी ठेव, त्यानं देवापाशी ठेवली होती. पारूबाईला वाटेतलं आपलं हसू आठवलं, देवाचं नाव घेतलं की काम झालं तेव्हाचं.

ती उपकेंद्रात गेली. शिवकांता स्टोव्हवर सुया उकळत होती. पारूबाईला बघून तिनं चहाचं भांडं पुढं ओढलं.

"चहा नको. डबी तापली व्हती, तुला ठावं व्हतं?"

शिवकांतानं स्टोव्ह बंद केला.

"नवीन कुप्या मागितल्या व्हत्या मी अक्का. वर सांगितलं, हाय ते वापर, साठा न्हाई. आता त्यांना काय सांगू, सरकारी औषध देवळात ठेवलं व्हतं मनून? नोकरी गेली असती. आन पुढं तीन बायांना तीच दिली, त्या बऱ्या झाल्या. मला वाटलं, थोडा तरी जोर राहिला असंल."

"मला कामून न्हाई सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर..." शिवकांता अडखळली. "तू भीमाला घेऊन जीपमधी बसली असतीस. मग लोकांनी इचारलं असतं, सिस्टर असून पारूबाई लेकीला लातूरला का न्हेती?"

"मंग?" पारूबाई म्हणाली. "निघालेच व्हते की मी. गाठोडं बांधलं व्हतं. तूच थांबवलंस."

"मी रगत दिलं अक्का तिला."

"दिलं. आन म्या तुझ्या पाया पडले. त्या भरल्या दवाखान्यात. तू पडू कशी दिलीस मला?"

पारूबाई उंबऱ्यातनं वळली. बौद्धवाड्यातल्या एकेका बाईचं तोंड तिच्या डोळ्यापुढून चाललं होतं. काढा सोडायला लावलेल्या, सुईला भिणाऱ्या. ती दगा देईल व्हय, असं तिनं ज्यांना विचारलं होतं त्या साऱ्या. आता त्यांना काय सांगायचं? सुई खोटी म्हणावं, तर गंगम्माचं पोट तिनं आपल्या तळव्याखाली टणक होताना पाहिलं होतं. सुई खरी म्हणावं, तर भीमा घरात पडली होती.

"सिस्टरबाई," ती म्हणाली, आणि त्या एका हाकेनंच शिवकांताचं तोंड उतरलं, "ती डबी आणा आन माझ्या म्होरं फोडा. आन नव्या आणा, नोकरीवर गदा आली तर येऊ द्या. न्हाईतर म्या चौकात उभी ऱ्हाऊन सांगते."

डबी देवळातून आली. शिवकांतानं एकेक कुपी उपकेंद्रामागच्या दगडावर फोडली. पारूबाई बघत उभी होती. वाळलेल्या मातीनं ते औषध क्षणात पिऊन टाकलं.

लक्ष्मम्माच्या कळा लागल्या तेव्हा पारूबाईनं आधी संगप्पाची जीप दारात आणून उभी केली. "पैसं कुणी का देईना, हालायचं न्हाई," असं त्याला बजावलं. मग शिवकांताला बोलावणं धाडलं. ती आली ती हातात बर्फ भरलेला थर्मास घेऊन. मोठ्या केंद्रावर जाऊन, बोलणी खाऊन, ती नव्या कुप्या घेऊन आली होती. गावात कुजबुज होती, तिची बदली होणार म्हणून.

लेकरू झालं. शिवकांतानं थर्मास उघडून कुपी काढली. पारूबाईनं हात पुढं केला.

"आण हिकडं."

तिनं ती कुपी गालाला लावली. गार होती. दातापर्यंत कळ जाईल अशी गार.

"दे," ती म्हणाली.

तळव्याखाली लक्ष्मम्माचं पोट आकसत आकसत टणक झालं. सुईनं झालं की आपसूक झालं असतं, कुणाला माहीत. महादेवप्पानं आतल्या खोलीतूनच विचारलं, "देवापाशी ठेवलेली हाय न्हवं?" आणि पारूबाईनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

शिवकांताची बदली झाली. जाताना ती बौद्धवाड्यात आली, उंबऱ्यात टेकली आणि पाणी मागितलं. पारूबाईनं दिलं. तांब्या घासून, भरून दिलं. पण जवळ बसली नाही.

त्यानंतर धामणवाडीत कितीतरी सिस्टर आल्या आणि गेल्या. पुढं उपकेंद्रात फ्रिजही आला. पारूबाई म्हातारी झाली तरी बाळंतिणीच्या उशाशी असायचीच, आणि सुई भरायच्या आधी कुपी मागून घ्यायची. नव्या पोरी हसायच्या. "आजी, गालानं काय कळतंय?"

"काय कळत न्हाई," ती म्हणायची. "आज गार हाय मनून काल तापली न्हवती, असं थोडंच हाय?"

आणि कुपी गालाला तशीच धरून ती त्या पोरीच्या तोंडाकडं बघत राहायची. पोरीनं नजर खाली घेतली, की ती म्हणायची, "जीप बोलवा."